निष्कासनाची स्थगिती आणि थकलेले भाडे : ऋण, ताबा आणि घरमालकाचे उपाय

१. प्रश्नाचे स्वरूप

घर भाड्याने देण्याच्या करारातून घरमालकाला दोन निरनिराळे हक्क प्राप्त होतात. ठरलेले भाडे ठरलेल्या दिवशी मिळण्याचा हक्क हा त्यांपैकी पहिला होय. हे भाडे थकले म्हणजे भाडेकरू ऋणको ठरतो आणि मालक धनको. करार मोडल्यास घराचा ताबा परत मिळवण्याचा हक्क हा दुसरा. पहिला हक्क व्यक्तीविरुद्ध चालतो, तर दुसरा वास्तूच्या संबंधात. सामान्य काळी हे दोन्ही हक्क इतके एकजीव होऊन वावरतात की त्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भाडे थकले की मालक नोटीस देतो आणि ताबा जाण्याच्या भीतीने भाडेकरू भाडे भरतो. ताब्याचा हक्क हा अशा रीतीने भाड्याच्या हक्काचा जामीनच असतो.

निष्कासनाला स्थगिती देणारा कायदा किंवा आदेश या दोन हक्कांची फारकत करतो. ऋण तो कायम ठेवतो. मात्र त्या ऋणाचा जामीन काही काळापुरता काढून घेतो. अशा स्थितीत घरमालकापाशी नेमके काय उरते, आणि जे उरते त्याचे व्यवहारातील मोल किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी २०२० व २०२१ या वर्षांतील अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव घेतला आहे. कारण तेथे हा प्रयोग संपूर्ण देशाच्या प्रमाणावर झाला आणि त्याची न्यायालयीन चिकित्साही तितकीच कसोशीने झाली.

२. स्थगितीचे दोन टप्पे

पहिला टप्पा विधिमंडळाचा होता. २७ मार्च २०२० रोजी संमत झालेल्या 'केअर्स' कायद्यान्वये काँग्रेसने १२० दिवसांपर्यंत, म्हणजे २४ जुलै २०२० पर्यंत, भाडे थकल्याच्या कारणावरून नवे दावे दाखल करण्यास मनाई केली. तथापि ही मनाई सर्व घरांना लागू नव्हती. ज्या घरांवरील गहाणकर्जाला संघशासनाचा आधार होता, अथवा जी घरे संघशासनाच्या साहाय्य-योजनांत मोडत होती, तेवढ्यांपुरतीच ती मर्यादित होती.

दुसरा टप्पा प्रशासनाचा होता आणि तोच अधिक वादग्रस्त ठरला. संघशासनाच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी, ज्यांचा उल्लेख सामान्यतः सी. डी. सी. या आद्याक्षरांनी होतो, ४ सप्टेंबर २०२० पासून देशभर लागू होणारा आदेश काढला. त्याला आधार होता तो १९४४ च्या सार्वजनिक आरोग्यसेवा कायद्याच्या ३६१ व्या कलमाचा. बेघर झालेली कुटुंबे आप्तांच्या घरी अथवा निवारागृहांत दाटीवाटीने राहू लागतील व संसर्ग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरेल, ही या आदेशामागील विचारसरणी होती. ती निराधार नव्हती. ज्या २७ राज्यांनी आपापल्या स्थगित्या २०२० च्या उन्हाळ्याच्या सुमारास उठू दिल्या, तेथे त्यामुळे सुमारे १०,७०० अधिक मृत्यू घडले असावेत, असा अंदाज एका साथरोगशास्त्रीय अभ्यासाने पुढे मांडला. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे खरे. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होते याची कल्पना त्यावरून येते.

आदेशाचे संरक्षण आपोआप मिळत नसे. भाडेकरूला स्वाक्षरीचे निवेदन मालकाच्या हाती द्यावे लागे. वार्षिक उत्पन्न ९९,००० डॉलरांहून, किंवा पतिपत्नींचे संयुक्त विवरणपत्र असल्यास १,९८,००० डॉलरांहून, अधिक नाही. उत्पन्न घटल्यामुळे पूर्ण भाडे देणे अशक्य झाले आहे. सरकारी साहाय्य मिळवण्याचा शक्य तो सर्व प्रयत्न केला आहे. जमेल तेवढे अंशतः भाडे वेळेवर देण्याचा प्रयत्न चालू आहे. आणि घर सोडावे लागल्यास बेघर होण्याचा किंवा दाटीत राहण्याचा प्रसंग येईल, अशी कबुली त्यात असे. या निवेदनानंतरही मालकाने घर खाली करून घेतल्यास त्याला जबर दंड किंवा कारावास होऊ शकत असे.

हा आदेश मूळचा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचा होता. काँग्रेसने त्याला एक महिन्याची मुदतवाढ दिली. पुढील मुदतवाढी सी. डी. सी. ने स्वतःच्या अधिकारात ३१ जुलै २०२१ पर्यंत दिल्या.

३. मालकाच्या हाती काय उरले

आदेशाचे शब्द बारकाईने वाचले असता असे दिसते की भाडे माफ झाले आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. उलटपक्षी, भाडे देण्याची जबाबदारी कायम आहे, करारात असल्यास विलंबाचा आकारही लावता येईल, असे त्यात स्पष्ट होते. भाडे थकण्याखेरीज इतर कारणांवरून, म्हणजे घरात गुन्हेगारी कृत्य करणे, वास्तूचे नुकसान करणे, शेजाऱ्यांच्या आरोग्यास वा सुरक्षिततेस धोका पोहोचवणे, कराराच्या अन्य अटी मोडणे यांवरून, निष्कासनाची वाट मोकळी होती. आदेशाच्या स्पष्टीकरणार्थ ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रश्नोत्तरांत आणखी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, मालकाला न्यायालयात दावा दाखल करून तो पुढे चालवता येईल, मात्र प्रत्यक्ष घर खाली करवून घेता येणार नाही. आणि दोन, भाडेकरूच्या निवेदनाच्या सत्यतेस न्यायालयात आव्हान देता येईल.

यावरून मालकाच्या उपायांची पुढीलप्रमाणे मांडणी करता येते. थकबाकीच्या रकमेचा स्वतंत्र दावा करणे, हा पहिला. ताब्याचा दावा दाखल करून ठेवणे, म्हणजे स्थगिती उठल्यावर बजावणीस विलंब होणार नाही, हा दुसरा. भाडेकरूशी हप्तेबंदीचा लेखी समझोता करणे, हा तिसरा. स्वतःवरील कर्जाच्या हप्त्यांना सवलत मागणे, हा चौथा. 'केअर्स' कायद्यात एक ते चार बिऱ्हाडांच्या घरांवरील, संघशासनाचा आधार असलेल्या कर्जांना १८० दिवस व मागणी केल्यास आणखी १८० दिवस हप्ते लांबवण्याची सोय होती. त्याहून मोठ्या इमारतींना मात्र ९० दिवसांपर्यंतच ही सवलत होती, आणि तीही त्या काळात भाडेकरूंना न काढण्याच्या अटीवर. सरकारी भाडे-साहाय्यासाठी अर्ज करणे हा पाचवा उपाय. त्याचा विचार पुढे केला आहे.

जो उपाय मालकाला मुळीच उपलब्ध नव्हता, त्याचाही निर्देश करणे अवश्य आहे. कुलूप बदलणे, वीज वा पाणी तोडणे, सामान बाहेर काढणे हे स्वहस्ते निष्कासनाचे मार्ग अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांत साथीपूर्वीही बेकायदेशीर होते. स्थगितीने या बाबतीत नवे काही निर्माण केले नाही.

कागदावर पाहता उपायांची ही यादी बरीच भरघोस दिसते. परंतु ज्याने आपल्याजवळ पैसे नाहीत असे लिहून दिले आहे, त्याच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा मिळवून काय साधणार? हुकूमनामा हा ऋणकोच्या मालमत्तेच्या अथवा वेतनाच्या मानानेच फलदायी होतो. भाडेकरूचे वेतन बुडाले होते म्हणूनच तर संरक्षण मिळाले होते. तात्पर्य, आदेशाने ऋण शाबूत ठेवले. परंतु ज्या वर्गाला तो लागू होता त्या वर्गाच्या बाबतीत ऋणवसुलीचा एकमेव परिणामकारक दाब काढून घेतला.

४. एक काल्पनिक हिशोब

ही गोष्ट आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. समजा, एका गृहस्थाच्या मालकीचे दोन बिऱ्हाडांचे घर आहे. प्रत्येक बिऱ्हाडाचे मासिक भाडे १,००० डॉलर. एकूण प्राप्ती २,०००. गहाणकर्जाचा हप्ता ९५०, मालमत्ताकर व विमा ३५०, पाणीपट्टी व दुरुस्ती २५०. एकूण खर्च १,५५०. शिल्लक ४५०. आता एका भाडेकरूने सप्टेंबर २०२० पासून भाडे देणे थांबवले. प्राप्ती १,००० वर आली आणि दरमहा ५५० डॉलरांची तूट येऊ लागली. जुलै २०२१ अखेर, म्हणजे अकरा महिन्यांत, भाडेकरूवरील थकबाकी ११,००० डॉलर झाली व मालकाने खिशातून घातलेली रक्कम ६,०५० डॉलर झाली.

या हिशोबात तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, मालकाचे उत्पन्न निम्म्यावर आले तरी खर्च तसूभरही कमी झाला नाही. कर, विमा व दुरुस्ती यांना कोणतीही स्थगिती नव्हती, आणि घर राहण्यायोग्य ठेवण्याचे कर्तव्यही कायम होते. दुसरी, कर्जाचा हप्ता लांबवला तरी तो माफ होत नाही. म्हणजे मालकही भाडेकरूप्रमाणेच ऋणाचे ओझे पुढे ढकलतो. तिसरी गोष्ट प्राप्तिकराची. रोखीच्या पद्धतीने हिशोब ठेवणाऱ्या मालकाने न मिळालेले भाडे मुळात उत्पन्नात धरलेलेच नसते. त्यामुळे ते बुडीत ऋण म्हणून वजाही करता येत नाही.

अमेरिकेतील भाड्याची घरे म्हणजे सर्व मोठ्या कंपन्यांची मालमत्ता, असा समज असल्यास तो चुकीचा होय. २०१८ च्या शासकीय पाहणीनुसार भाड्याच्या एकूण घरांपैकी सुमारे ४१ टक्के घरे व्यक्तिगत मालकांची होती, आणि हे मालक मुख्यतः लहान इमारतींत आढळतात. मोठ्या कंपनीला शंभर घरांतील दहांचे भाडे थकल्यास नफा घटतो. वरील गृहस्थाचे एकच भाडे थकले तर त्याचे घर गहाणदाराकडे जाण्याची वेळ येते. एकाच आदेशाचा भार दोघांवर सारखा पडत नाही.

५. साहाय्याची योजना आणि तिचा विलंब

स्थगितीचे समर्थन करता येते ते एका गृहीताच्या आधारे. ते असे की ताबा थांबवलेल्या काळात ऋण फेडण्याची दुसरी काही तरी व्यवस्था होईल. ती व्यवस्था काँग्रेसने केली, पण उशिरा. २७ डिसेंबर २०२० रोजी संमत झालेल्या कायद्याने भाडे-साहाय्यासाठी २,५०० कोटी डॉलर आणि ११ मार्च २०२१ च्या कायद्याने आणखी सुमारे २,१५५ कोटी डॉलर मंजूर झाले. रक्कम राज्ये व स्थानिक संस्था यांच्यामार्फत वाटावयाची होती. शक्यतो ती थेट मालकाला द्यावयाची, मालकाने सहकार्य नाकारल्यास भाडेकरूला देता येईल, आणि भाडेकरूच्या संमतीने मालकालाही अर्ज करता येईल, अशी तरतूद होती.

परंतु पैसा मंजूर होणे आणि तो पोहोचणे यांत अंतर असते. जुलै २०२१ अखेर सुमारे ४,६५० कोटींपैकी केवळ ५१० कोटी डॉलरांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ११ टक्के, रक्कम वाटली गेली होती. अनेक ठिकाणी असे साहाय्य वाटणारी यंत्रणाच पूर्वी अस्तित्वात नव्हती. अर्ज, उत्पन्नाचे पुरावे आणि दोन्ही पक्षांच्या स्वाक्षऱ्या जमवण्यात महिने गेले. ज्या दिवशी देशव्यापी स्थगितीची मुदत प्रथम संपली, त्या दिवशी बहुतेक पैसा तिजोरीतच होता.

या संदर्भात कॅलिफोर्निया राज्याची योजना विशेष अभ्यसनीय आहे. तेथील ऑगस्ट २०२० च्या कायद्याने, आणि त्याच्या पुढील मुदतवाढींनी, असे ठरवले की सप्टेंबर २०२० पासूनच्या भाड्यापैकी २५ टक्के भाग भाडेकरूने विहित मुदतीत भरल्यास उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी त्याला कधीही घराबाहेर काढता येणार नाही. तो भाग साध्या ऋणाप्रमाणे मानून लघुवाद न्यायालयातून वसूल करता येईल. म्हणजे ऋण आणि ताबा यांची फारकत, जी सी. डी. सी. च्या आदेशात तात्पुरती होती, ती कॅलिफोर्नियाने त्या काळातील थकबाकीपुरती कायमची केली. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने देऊ केले की मालकाने थकबाकीचा पाचवा हिस्सा सोडून दिल्यास उरलेले ८० टक्के सरकार देईल. अनेकांना ही तडजोड पटली नाही; जून २०२१ च्या कायद्याने हे प्रमाण १०० टक्के केले. ८० वरून १०० वर जाण्याचा हा प्रवास बोलका आहे. सार्वजनिक हितासाठी उचललेल्या बोजाचा पाचवा हिस्सा खाजगी मालकावर का पडावा, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर सापडले नाही, असाच त्याचा अर्थ करावा लागतो.

६. पूर्वीच्या निर्णयांची शिकवण

आणीबाणीच्या काळात मालकाच्या हक्कांवर बंधन घालता येते, हे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले होते. पहिल्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन शहरात घरांची टंचाई झाली असता, १९१९ च्या कायद्याने भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावरही भाडेकरूला राहू दिले. 'ब्लॉक विरुद्ध हर्श' या १९२१ च्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी बहुमताच्या वतीने तो कायदा वैध ठरवला. मात्र १९२४ च्या 'चॅसल्टन' खटल्यात त्यांनीच बजावले की आणीबाणीवर आधारलेला कायदा आणीबाणी संपल्यावर टिकत नाही, आणि ती संपली की नाही हे न्यायालय तपासू शकते. पुढे महामंदीत मिनेसोटा राज्याने गहाणाच्या बजावणीला स्थगिती दिली. १९३४ च्या 'ब्लेस्डेल' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तीही वैध ठरली.

या निर्णयांचा आधार २०२० मध्ये वारंवार घेतला गेला. तथापि त्यांतील एक समान अट बहुधा दुर्लक्षिली गेली. वॉशिंग्टनच्या कायद्यात भाडेकरू राहू शके तो भाडे भरत राहिला तरच; फक्त भाड्याचा वाजवीपणा ठरवण्यासाठी आयोग होता. मिनेसोटातही ऋणकोला घरात राहावयाचे तर न्यायालयाने ठरवलेली वाजवी भाड्याची रक्कम दरमहा भरावी लागे. ब्लेस्डेल दांपत्याच्या बाबतीत ती ४० डॉलर होती, आणि ती कर, विमा, व्याज व मुद्दल यांकडे जाई. सारांश, जुन्या स्थगित्यांनी धनकोचा अंतिम उपाय थांबवला, पण मधल्या काळातील त्याची प्राप्ती थांबू दिली नाही. २०२० च्या आदेशात अंशतः भाडे देण्याच्या 'प्रयत्ना'ची अट होती. किमान रकमेची नव्हती. जुन्या आणि नव्या स्थगितीतील खरा भेद माझ्या मते येथे आहे.

७. न्यायालयांचा कौल

२०२१ चे निर्णय मुख्यतः अधिकाराच्या प्रश्नावर झाले. मे महिन्यात वॉशिंग्टन येथील जिल्हा न्यायालयाने सी. डी. सी. ला असा आदेश काढण्याचा अधिकार नाही असे ठरवले, पण आपल्याच निर्णयास स्थगिती दिली. २९ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती उठवण्यास नकार दिला. बहुमतातील न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी मात्र ३१ जुलैनंतर मुदतवाढ द्यावयाची तर काँग्रेसचा स्पष्ट कायदा लागेल, असे नमूद केले. तसा कायदा झाला नाही. ३ ऑगस्ट रोजी सी. डी. सी. ने संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या परगण्यांपुरता नवा आदेश काढला, आणि २६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याची अंमलबजावणी संपुष्टात आणली. धुरी देणे, निर्जंतुकीकरण करणे, कीटकांचा नाश करणे अशा उपायांची नावे घेणाऱ्या कलमातून देशातील घरभाड्याच्या व्यवहाराचे नियमन करण्याची शक्ती काढता येत नाही, हे बहुमताचे मर्म होय. त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याचा एक भागही न्यायालयाने थांबवला. तेथे भाडेकरूने अडचणीचे निवेदन दिले की मालकाला त्याविरुद्ध सुनावणीच मिळत नसे. आपल्याच दाव्याचा न्यायाधीश कोणी होऊ नये, या तत्त्वाचा त्यात भंग होतो असे न्यायालयास वाटले.

नुकसानभरपाईचा प्रश्न यातून सुटला नाही. उलट एक चमत्कारिक पेच उभा राहिला. अमेरिकन घटनेच्या पाचव्या दुरुस्तीप्रमाणे सार्वजनिक उपयोगासाठी खाजगी मालमत्ता घेतल्यास भरपाई द्यावी लागते. परंतु आदेशच अधिकारबाह्य होता, म्हणून ती सरकारची कृतीच नव्हे व भरपाईही नाही, असे म्हणून संघीय दावा-न्यायालयाने २०२२ मध्ये 'डार्बी' खटल्यातील मालकांचा दावा फेटाळला. अपील न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२४ रोजी हा निर्णय फिरवला. अधिकाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या कर्तव्याच्या कक्षेत राहून सद्भावनेने केलेली ही कृती असल्याने ती सरकारचीच मानावी, आणि भाडे न देणाऱ्यास घरात ठेवण्याची सक्ती ही मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा घेण्यासारखी असू शकते, असे त्याने ठरवले. हा निर्णय दावा चालण्यायोग्य आहे एवढ्यापुरताच होता. भरपाईची रक्कम त्याने ठरवली नाही.

८. आपल्याकडील तुलना

मराठी अभ्यासकाला या साऱ्या चर्चेत ओळखीच्या खुणा दिसतील. मुंबईतील भाडेनियंत्रणाचा उगमही पहिल्या महायुद्धाच्या काळातील, १९१८ च्या, तात्पुरत्या कायद्यात आहे. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदाही ठरावीक मुदतीचाच होता व मुदतवाढींवर अर्धशतक जगला. त्याच्या १२ व्या कलमाचे सूत्र असे की भाडेकरू प्रमाण भाडे भरत आहे किंवा भरण्यास तयार व राजी आहे तोवर मालकास ताबा मिळणार नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या १५ व्या कलमात तेच सूत्र कायम आहे. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह भरल्यास भाडेकरू वाचतो. म्हणजे येथील संरक्षण भाडे देणाऱ्याला आहे; अमेरिकेतील स्थगितीचे संरक्षण भाडे देऊ न शकणाऱ्याला होते. मुंबईच्या मालकाची तक्रार भाडे अत्यल्प असल्याची, तर अमेरिकन मालकाची तक्रार भाडे मुळीच न आल्याची.

साथीच्या काळात भारतातही असे उपाय योजले गेले. केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये असा आदेश दिला. महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिलमध्ये किमान तीन महिने भाडेवसुली लांबवण्याची व कोणास घराबाहेर न काढण्याची सूचना केली. मात्र मालकाची तूट भरून काढण्याची, अमेरिकेसारखी स्वतंत्र निधीची योजना त्यांच्या जोडीला नव्हती.

९. उपसंहार

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, निष्कासनाची स्थगिती ही ऋणमाफी नव्हे. परंतु निर्धन ऋणकोच्या बाबतीत तिचा परिणाम माफीहून फारसा निराळा होत नाही. दुसरा, जुन्या स्थगित्या टिकल्या त्या मधल्या काळातील वाजवी प्राप्तीच्या अटीमुळे. जेथे ती अट शक्य नसेल तेथे तिची जागा सरकारी साहाय्याने घेतली पाहिजे, आणि ते साहाय्य स्थगितीच्या बरोबरीने सुरू झाले पाहिजे, मागाहून नव्हे. तिसरा, भाडेकरूच्या डोक्यावरील छप्पर टिकवणे हे साऱ्या समाजाचे हित असेल, तर त्याची किंमतही समाजाने वाटून घ्यावी हे न्याय्य होय. ती एकाच घराच्या मालकावर सोपवली, तर एक कुटुंब वाचवताना दुसरे कर्जात लोटले जाते.

भाडेकरू आणि मालक हे परस्परांचे शत्रू आहेत अशा समजुतीने या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. २०२० च्या अनुभवाने निराळेच दाखवले. दोघेही एकाच ऋणाच्या दोन टोकांना उभे होते, आणि ते ऋण फेडणारा तिसरा पक्ष वेळेवर आला नाही.